पेपर होऊ दे, मग सांगू

आई, मी फोन केला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तुझ्या नंबरवर केला होता, उचलला दादाने. त्याने पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "झाला का तुझा व्हायवा?" मी म्हटलं, "झाला! पास! आईला दे." तो म्हणाला, "नक्की झाला ना? परत आत नाय ना बोलवनार?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. प्रबंधात थोड्या दुरुस्त्या सांगितल्यात, महिन्याभरात द्यायच्यात. तू आईला दे ना आधी." मग तो म्हणाला, "बस खाली कुठंतरी."

तू पहाटे गेली होतीस. अकराला तुला घरातून नेलं आणि बाराच्या सुमाराला दादाने अग्नी दिला. त्याच वेळी मी दक्षिणेतल्या त्या दूरच्या गावात, वातानुकूलित खोलीत, चार परीक्षकांपुढे उभी राहून सांगत होते की एवढासा उपग्रह आकाशात नेमका कुठे आहे हे जमिनीवर बसून कसं शोधायचं. एकाने विचारलं, "चूक किती येते?" मी ऐटीत म्हटलं, "फार तर दोनशे मीटर." परीक्षक खूश झाले. माझी आई जगात आहे की नाही हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

मी घरी, मनोरीला पोचले दुसऱ्या दिवशी. घरात दिवा होता, तुझा फोटो होता, तुझ्या टोपल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. तू नव्हतीस. सगळे माझ्याकडे असे बघत होते जसं काही मी फार मोठी कामगिरी करून आले आहे. एक बाई तर म्हणाली, "पास झाली ना गो? चांगला झाला. आईचा जीव शांत झाला असंल." तिच्या अंगावर ओरडले नाही एवढंच.

आई, तुला कळायला पाहिजे म्हणून लिहिते: मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. लोकांना वाटतंय मी रडून रडून बसले आहे. रडते मी, पण निम्म्या वेळा संतापाने. सहा महिने! नवरात्रात डॉक्टरने तुझ्या पोटातली गाठ सांगितली. गाठ यकृतापर्यंत गेली आहे, हेही सांगितलं. दादाला माहीत, मावशीला माहीत, अख्ख्या आळीला माहीत, खाडीपलीकडे मार्वेला जाणाऱ्या बोटीवर तिकीट फाडणाऱ्याला माहीत. मला ताकास तूर लागू दिली नाहीस. दिवाळीला येते म्हटलं तर म्हणालीस, "नको येऊ, काम संपव, मंग ये निवांत." मी मूर्खासारखी खूश झाले की आई किती समजूतदार आहे, इतरांच्या आया कशा जीव खातात.

आणि ते फोन. दादाने सांगितलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तू मला नेहमी बोटीवर चढल्यावरच फोन करायचीस. मागे इंजिनाचा फटफट आवाज, बायकांचा कलकलाट. "बाजाराला चाललंय गो. मालाडला कालवांना भाव हाय आज." मी हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून तो आवाज ऐकायचे आणि मला वाटायचं सगळं ठीक आहे, आई बाजाराला चालली आहे. तू बाजाराला जात नव्हतीस. अंधेरीच्या इस्पितळात सुई घ्यायला जात होतीस. मांडीवर टोपलीच्या जागी फायली होत्या. व्हिडिओ लाव म्हटलं की "नेट नाय इकडं." एकदाच लावलास, तोही डोक्यावरून घट्ट पदर घेऊन. मी विचारलं, "हे काय नवीन?" तू म्हणालीस, "ऊन बघ किती." मी मान डोलावली. केस गेले होते तुझे, आणि मी ऊन बघत होते!

मला हसू येतं, खरंच. माझा सगळा प्रबंध आवाजावर आहे. उपग्रह जवळ येतो तसा त्याच्या संदेशाचा सूर चढतो, लांब जातो तसा उतरतो, आणि त्या चढउतारावरून तो कुठे आहे, कुठे निघाला आहे ते काढायचं. तुला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू कालवांचे शिंपले फोडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "म्हंजे भोंग्यावरनं बोट कुठं हाय ते वलखायचं. त्यात काय? ते आमी पन करतो. त्याला दोन वर्सं कशाला?" मी वर्गात ही गोष्ट सांगितली होती. सर इतके हसले की त्यांनी पुढच्या वर्षीच्या मुलांनाही सांगितली. तर अशा या विषयातली मी द्विपदवीधर, आणि बोटीचा आवाज ऐकून आई कुठे निघाली आहे ते मला ओळखता आलं नाही.

तुझी-माझी ती तिथीवरची लढाईही अर्धीच राहिली. गणपतीला आले होते, तेव्हाची. तू ओहोटीला खडकावर कालवं काढायला जायचीस, आणि तुझ्या वेळेचा सगळा कारभार एका ओळीवर: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पुढे सहा तासांनी ओहोटी. एकादशी, अकराची पाऊणपट, सव्वाआठ. मी कॅलेंडरच्या मागे चंद्राची कक्षा मांडून दाखवलं की पाऊण नाही, एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं धरली पाहिजेत. म्हणजे एकादशीला आठ अठ्ठेचाळीस. तुझ्या आजीच्या आजीपासून सगळ्या जणी चुकत आल्या आहेत, असंही म्हणाले. तू कोयती पुसत म्हणालीस, "तीन मिन्टांनी काय व्हतं?" मी म्हटलं, "दर तिथीला तीन. चौदसेला जवळजवळ पाऊण तास." तू म्हणालीस, "मंग पाऊन तास आधी जायचं नि आधी यायचं. खडकावर लवकर गेलेली बाय कवा बुडाली नाय. उशीर करनारी बुडते. तुजं गनित बरोबर असंल, पन त्या गनितानं बाय मरंल."

मी तेव्हा निरुत्तर झाले नव्हते. पुढच्या वेळी उत्तर देणार होते. आता देते. आई, आयुष्यभर सगळ्यांना लवकर निघा म्हणणारी तू, मला कसं गं उशिरा निघायला लावलंस?

आणि हे पहिल्यांदा नव्हतं, म्हणून जास्त झोंबतं. माझी दहावी आठव. विज्ञानाचा पेपर दोन दिवसांवर, आणि तू मला एकदम मावशीकडे भांडुपला पाठवलंस, "तिकडं अभ्यास व्हईल" म्हणून. मावशीने मला ताटावर ताटं वाढली. पेपर देऊन बाहेर आले तर गेटवर दादा उभा. आजी दोन दिवसांपूर्वीच गेली होती. ज्या आजीच्या कुशीत मी तेरा वर्षं झोपले, ती गेल्यावर मी मावशीच्या घरी बसून आम्ल आणि आम्लारी पाठ करत होते. महिनाभर बोलले नाही तुझ्याशी. मग तूच जवळ येऊन बसलीस. मी म्हटलं, "परत असं नाही करायचं. एकवीरेची शपथ घे." तू म्हणालीस, "देवीला कशाला मदी आनतंस? सांगीन म्हटलं ना." मला वाटलं विषय संपला. आता कळतं, तू देवीची शपथ का घेतली नाहीस ते. तेव्हाच ठरवून ठेवलं होतंस ना? खोटं माझ्याशी बोलायचं, देवीशी नाही.

आपल्याकडची ही रीतच आहे. पेपर होऊ दे, मग सांगू. घरात कुणी मरो, कुणी पडो, पोराचा पेपर आहे ना, मग चूप. जसं काही मृत्यू म्हणजे शेजाऱ्यांचा टीव्ही, जरा आवाज बारीक केला की झालं. सगळे मूग गिळून बसतात, पोराला जास्तीचं दूध देतात, आणि नंतर पोराने आभार मानावेत अशी अपेक्षा. मला वाटलं होतं, पंचविशी ओलांडलेल्या बाईला या रीतीतून सुटका असेल. पण एम.टेक. काय नि दहावी काय, तुझ्या लेखी सगळा पेपरच.

मावशीला मी पाचव्या दिवशी धरलं. तीही खचली होती बिचारी, पण मी सोडलं नाही. "का नाही सांगितलंत मला? तिने नाही म्हटलं, तुम्हाला तोंड नव्हतं?" मावशी पदराचं टोक पिळत म्हणाली, "तूच बोल्ली व्हतीस ना तिला, तुला निस्ता ताप आला तरी सगलं सोडून येईन. ती म्हनली, पोर खरंच येईल गो. आली तर परत नाय जायची."

आई, ते वाक्य माझंच आहे. पहिल्या सेमिस्टरनंतर घरी आले होते तेव्हाचं. ओट्याशी तू बांगडे तळत होतीस आणि मी लाडात येऊन मागून तुझ्या गळ्यात हात टाकून म्हणाले होते. मला वाटलं तुला बरं वाटेल. तू ते धमकी म्हणून लक्षात ठेवलंस.

आणि आणखी एक, जे मी तुला कधी सांगितलं नाही. पण तुला कळलं असणार, तुला सगळं कळायचं. त्या सुट्टीत मी एका विषयात नापास होऊन आले होते. वर्गातली बाकीची मुलं मोठमोठ्या कॉलेजांतून आलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी, आणि मी गणितात गटांगळ्या खात होते. मला पळून यायचं होतं. नुसतं निमित्त हवं होतं, मानाने परत यायला. तुझा ताप चालला असता. म्हणजे तू भ्यालीस ते अगदीच खोटं नव्हतं, हे मी कबूल करते. पण ती पहिल्या सेमिस्टरची मी होते! त्यानंतर मी तो विषय काढला, पहिला प्रकल्प पार वाट लागून फसला तरी सहा महिने जास्त राहून दुसरा उभा केला. ती मुलगी तुला दिसलीच नाही. तू त्या घाबरट पोरीलाच धरून बसलीस आणि तिच्या नावाने मला शिक्षा केलीस.

सगळे म्हणतात, दुरुस्त्या करून टाक, तिच्यासाठी तरी कर. दादा रोज लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवायचा, जसा देवापुढे नैवेद्य. मी तो उघडत नव्हते. एकोणीस दुरुस्त्या, दोन आकृत्या, बैठक मारून बसलं तर एका दिवसाचं काम. पण हात लावला की वाटायचं, हे पुरं केलं तर तू बरोबर ठरशील. बघा, नाही सांगितलं म्हणून पोरगी इंजिनियर झाली, असं पुढची वीस वर्षं आळीत सांगतील. आणि नाही केलं, तर तू तिथे एकटी सुया टोचून घेतल्यास त्या फुकट गेल्या. दोन्हीकडून तूच जिंकणार. मरूनसुद्धा मला वाद जिंकू द्यायचा नाही म्हणजे काय!

दहाव्याला समुद्रावरून परत आलो. मी मावशीला मोठ्याने विचारलं, "तनू कुठंय? ती कशी नाही आली?" तनू म्हणजे मावशीची नात, तुझी लाडकी, दर सुट्टीत तुझ्यामागे खडकावर हिंडणारी. तुला ती "मनोरीची आजी" म्हणायची आणि तू तिला पहिलं कालव चाखायला द्यायचीस. मावशीने एकदम माझा हात दाबला. "हलू बोल. तिला सांगितला नाय अजून. दहावीचे पेपर चालू हायेत ना. परवा भूमिती."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भटजीसुद्धा थांबून बघत होते. दादा म्हणाला, "अगं, चार दिवसांचा प्रश्न हाय, पेपर होऊ दे, मग सांगू." मी म्हटलं, "मी उद्या भांडुपला जातेय. मी सांगणार." मावशी म्हणाली, "तुज्या आईला आवडला नसता हां." मी म्हटलं, "म्हणूनच जातेय."

पहिल्या बोटीने मार्वेला उतरले. पुढे गोरेगावहून रिक्षा आरेतून निघाली. झाडीतून जाताना मी तोंडाने वाक्यं जुळवत होते. "तनू, एक वाईट बातमी आहे." "तनू, आजी आजारी होती." रिक्षावाला आरशातून बघायला लागला तेव्हा गप्प बसले.

तनू पाटावर बसून वर्तुळाची प्रमेयं लिहीत होती. मला बघून उठली, "मावशी! तू कधी आलीस? मनोरीची आजी फोनच उचलत नाही माझा." मी सगळी जुळवलेली वाक्यं विसरले. म्हटलं, "तनू, आजी गेली. आज अकरा दिवस झाले."

तिने कंपासपेटी भिंतीवर फेकून मारली. मग बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे मराठीच्या पेपरला तर… आणि मम्मी मला म्हणाली की आजी गावाला गेलीय. सगळे खोटं बोलत होते? पप्पापण?" मग मला विचारलं, "तू होतीस ना जवळ? शेवटी काय म्हणाली?" मी म्हटलं, "नव्हते मी. मलाही नाही सांगितलं. माझी परीक्षा होती." ती बघतच राहिली. "तुला? तू एवढी मोठी आहेस तरी?" आणि मग ती माझ्या कुशीत घुसून जी रडायला लागली ती तासभर. मीही रडले. गेल्या अकरा दिवसांत पहिल्यांदा मी कुणाबरोबर रडले, कुणासमोर नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "मावशी, मी उद्या पेपर नाही दिला तर?"

आई, तिचं वर्ष गेलं तर? तिची आई मला जन्मात माफ करणार नाही. तोंडावर आलं होतं की असं नाही करायचं बाळा, आजीला काय वाटेल. त्या क्षणी तुझी बाजू मला आतून कळली. सहा महिने तू हीच भीती उशाशी घेऊन झोपत होतीस. ते कळलं आणि राग कमी व्हायचा तर उलट वाढला, कारण मला आता तुझी कीवही येत होती, आणि ज्याची कीव येते त्याच्याशी नीट भांडताही येत नाही. मी जीभ आवरून म्हटलं, "तुझा पेपर आहे. तू ठरव. नाही दिलास तरी मी तुझ्या बाजूने उभी राहीन." ती भिंतीखाली पडलेला कर्कटक उचलून त्याचं टोक वाकलंय का ते बघत बसली. मी तिथेच राहिले.

सकाळी तिने गणवेश घातला. डोळे सुजून बटाट्याएवढे झाले होते. तिची आई माझ्याशी बोलत नव्हती, पण पोहे मलाही दिले. मी तनूबरोबर केंद्रावर गेले. ती आत गेल्यावर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले, लॅपटॉप उघडला आणि दुरुस्त्या करायला लागले. सतरा झाल्या. राहिलेल्या दोन परीक्षकाच्याच चुका होत्या, तसं नम्रपणे लिहिलं आणि सरांना पाठवून दिलं. तुझ्यासाठी नाही पाठवलं, आणि तुला माफ केलं म्हणूनही नाही. माझं काम होतं, मी केलं.

घंटा झाली. मुलं लोंढ्याने बाहेर पडली. तनू सगळ्यात शेवटी आली, एक हात कंपासपेटीवर, नाक ओढत.

"कसा गेला?"

"बरा गेला. मधेच आजी आठवली, मग थोडी रडले. बाईंनी पाणी दिलं. चार मार्कांचा एक प्रश्न राहिला."

चार मार्क, आई. तिला सांगितलं त्याचे चार मार्क गेले. माझंही काही गेलं असतं, एखादा महिना, फार तर एखादं सेमिस्टर. ते मी हसत दिलं असतं आणि इस्पितळाच्या वाटेवर बोटीत तुझ्या शेजारी बसले असते. तू मला विचारलंच नाहीस.